पोटगी कशी ठरते? पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणाऱ्यांसाठी

घटस्फोटाचा विषय घरात निघाला की सगळ्यात आधी आकडा बोलला जातो. चुलतभाऊ सांगतो, पगाराच्या एक तृतीयांश द्यावेच लागतात. ऑफिसातलं कुणी सांगतं, बायको कमावते ना, मग एक पैसाही द्यावा लागणार नाही. दोघंही ठामपणे बोलतात आणि दोघंही चुकतात. हिंदू विवाह कायद्यात पोटगीची टक्केवारी कुठेच लिहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या एका निकालात आणि पुन्हा २०१७ मध्ये पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीसाठी योग्य ठरू शकते असं म्हटलं, तेवढं मात्र खरं. वकील मंडळी युक्तिवादाला उभी राहतात तेव्हा हा आकडा हमखास निघतो. तो अंदाज आहे, नियम नाही. त्याहून कमीही मिळते आणि जास्तही.

आकडा ठरतो तो न्यायाधीशांसमोर ठेवलेल्या कागदांवरून. ज्याचे कागद नीट, त्याचं म्हणणं टिकतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा कागदांना दिली आहे. भावनेचा भाग ज्याने त्याने आपापल्या घरी सांभाळायचा आहे.

आधी कायदा कोणता ते पाहा

पोटगी मागायला एकापेक्षा जास्त दारं आहेत, आणि नवखा माणूस इथेच गोंधळतो.

हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये दोन कलमं महत्त्वाची. कलम २४ म्हणजे दावा चालू असतानाची अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च. कलम २५ म्हणजे निकालाच्या वेळी किंवा त्यानंतर मिळणारी कायमची पोटगी. दोन्ही कलमांखाली पतीसुद्धा मागू शकतो, हे अनेकांना माहीत नसतं. एक अडचण लक्षात ठेवा. कलम २५ ची पोटगी मिळायला घटस्फोटाचा, विभक्त राहण्याचा किंवा तसा काही हुकूमनामा झालेला असावा लागतो. घटस्फोटाचा दावाच फेटाळला गेला तर या कलमाखाली काही मिळत नाही. मग पत्नीला १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम १८ किंवा खाली दिलेला फौजदारी मार्ग धरावा लागतो.

तो मार्ग म्हणजे जुनं 'एकशेपंचवीस', फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे. कोर्टाच्या आवारात लोक अजून 'वन ट्वेंटीफाइव्ह'च म्हणतात, त्याने बिचकू नका. हा अर्ज कोणत्याही धर्माच्या पत्नीला, मुलांना आणि आईवडिलांना करता येतो, पतीला मात्र येत नाही. घटस्फोट झालेली आणि पुन्हा लग्न न केलेली स्त्रीही इथे 'पत्नी'च धरली जाते. मुस्लिम घटस्फोटित स्त्रीलाही हे दार खुलं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केलं.

तिसरं दार कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५. त्यात पैशाबरोबर राहत्या घराचा हक्कही मागता येतो, म्हणून सासरच्या घरातून बाहेर काढलेल्या बाईसाठी अनेकदा हाच पहिला अर्ज ठरतो.

नोंदणी विवाह, म्हणजे विशेष विवाह कायद्याखालचं लग्न असेल तर कलम ३६ आणि ३७ लागू होतात, आणि तिथे फक्त पत्नी मागू शकते. ख्रिस्ती आणि पारशी जोडप्यांसाठी त्यांचे वेगळे कायदे आहेत. गोव्यात लग्न झालेल्यांचं गणित सुरुवातीलाच बदलतं. तिथल्या नागरी संहितेनुसार, वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि फारकत झाली की तिची वाटणी होते. महाराष्ट्रात तसं काही नाही. इथे फ्लॅट ज्याच्या नावावर, तो त्याचा. म्हणून इथे सगळा भार पोटगीवर येऊन पडतो.

दोन-तीन अर्ज एकाच वेळी चालू शकतात. पैसे दुप्पट-तिप्पट मिळतात असा त्याचा अर्थ नाही. एका कोर्टाने आधी काही मंजूर केलं असेल तर ते पुढच्या कोर्टाला सांगणं बंधनकारक आहे आणि ती रक्कम वजा धरली जाते. लपवलंत तर पुढच्या तारखेला समोरचा वकील तो हुकूम काढून दाखवतोच.

अर्ज कुठे, खर्च किती

मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत कौटुंबिक न्यायालय आहे. मुंबईचं वांद्रे-कुर्ला संकुलात, पुण्याचं शिवाजीनगरला. जिथे ते नाही तिथे घटस्फोटाचा दावा दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे आणि कलम १४४ चा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. पत्नी आपण सध्या जिथे राहतो तिथे, म्हणजे माहेरच्या गावच्या कोर्टातही, दोन्ही दाखल करू शकते. साताऱ्याला माहेरी आलेल्या बाईने पोटगीच्या अर्जासाठी ठाण्याला हेलपाटे घालायची गरज नाही.

स्त्रियांना पोटगी आणि घटस्फोटाच्या दाव्यांत कोर्ट फी माफ आहे. महाराष्ट्र शासनाची ही अधिसूचना १९९४ ची. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे जा. स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणारी बाईसुद्धा पात्र आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

कौटुंबिक न्यायालयात प्रकरण आधी विवाह समुपदेशकाकडे जातं. काहींना हा वेळेचा अपव्यय वाटतो. माझं मत उलट आहे. समोरचा माणूस किती द्यायला तयार आहे आणि कशावर अडून बसणार आहे, याचा पहिला खरा अंदाज त्या खोलीतच येतो. तिथे झालेलं बोलणं गोपनीय राहतं, पुरावा म्हणून वापरलं जात नाही, म्हणून तिथे मोकळेपणाने आकडा बोलायला हरकत नाही.

शपथपत्र: खरी परीक्षा इथे आहे

४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात निकाल दिला. प्रकरण मूळचं नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं. पत्नीला दरमहा १५ हजार आणि मुलाला आधी ५, मग १० हजार असा अंतरिम हुकूम २०१५ मध्ये झाला होता. अर्ज मात्र २०१३ चा, आणि तो वाद दिल्लीत मिटायला सात वर्षं लागली. अंतरिम म्हणजे तात्पुरतं. तात्पुरत्याचे असे हाल पाहून न्यायालयाने सगळ्या देशासाठी कार्यपद्धती आखून दिली. आज कुठल्याही कोर्टात पोटगीचा अर्ज टाकला की हाच निकाल चालतो.

त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र. अर्ज करणाऱ्याने ते अर्जासोबतच द्यायचं. समोरच्याने आपला 'से', म्हणजे लेखी म्हणणं, आणि स्वतःचं शपथपत्र जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचं. त्याला दोनपेक्षा जास्त संधी देऊ नयेत असं निकालात म्हटलं आहे. टाळाटाळ चालूच राहिली तर कोर्ट त्याचा बचाव काढून टाकू शकतं. दोन्ही शपथपत्रं आल्यापासून चार ते सहा महिन्यांत अंतरिम अर्ज निकाली काढावा, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात. तरीही, 'समोरच्यांना आधीच दोन संधी झाल्या आहेत' हे रोजनाम्यावर, म्हणजे त्या दिवशीच्या कोर्टाच्या नोंदीत, यावं असा आग्रह तुमच्या वकिलांकडे धरा. त्याने फरक पडतो.

शपथपत्राचे नमुने ठरलेले आहेत. नोकरदार-व्यावसायिकांसाठी वेगळा, शेतीवर अवलंबून असलेल्यांसाठी वेगळा. भरायला बसाल तेव्हा समोर हे ठेवा: पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, गेल्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि तेवढ्याच काळाची सगळ्या बँक खात्यांची विवरणं, भविष्य निर्वाह निधीचं पासबुक, विमा, म्युच्युअल फंड, डिमॅट, सोनं, वाहनं, घरं आणि कर्जं. शेतकरी असाल तर सातबारा आणि आठ-अ, कारखान्याकडून आलेली उसाची बिलं, डेअरीचं दुधाचं पासबुक, सोसायटीचं पीककर्ज. कुणी परदेशात असेल तर तिथला पगार त्या चलनात लिहायची जागाही नमुन्यात आहे. अमेरिकेत किंवा दुबईत बसून 'माझा इथला खर्चच इतका आहे' एवढंच सांगून भागत नाही.

खर्चाचा रकाना बहुतेक जण घाईत उरकतात. ही चूक महागात पडते. 'घरखर्च २५,०००' असं एका ओळीत लिहिलं तर न्यायाधीशांच्या हाती काहीच लागत नाही. तो फोडून लिहा: भाडं, किराणा, दूध, गॅस, वीज, मुलाची शाळेची फी, व्हॅन, शिकवणी, औषधं, मोबाइल, प्रवास. वर्षातून एकदा येणारी फी बाराने भागून महिन्यावर आणा. प्रत्येक आकड्याला एक कागद जोडता आला तर उत्तम. किराण्याची बिलं सगळी मिळत नाहीत, पण फीची पावती, भाडेकरार आणि विजेचं बिल मिळतंच.

फुगवून लिहू नका, लपवूही नका. शपथेवर खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. कारवाई झाली नाही तरी एक खोटा आकडा पकडला गेला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. पत्नीने महिना आठ हजारांच्या शिकवण्या लपवल्या आणि उलटतपासात त्या निघाल्या, तर नुकसान आठ हजारांपेक्षा बरंच मोठं होतं.

न्यायाधीश काय पाहतात

रजनेश विरुद्ध नेहा निकालातच मुद्दे दिले आहेत: दोघांचा सामाजिक आणि आर्थिक दर्जा, पत्नीच्या आणि मुलांच्या वाजवी गरजा, तिचं शिक्षण, तिचं स्वतःचं उत्पन्न पुरेसं आहे का, लग्नाच्या घरात राहणीमान काय होतं, संसारासाठी तिने नोकरी सोडली का, दाव्याचा खर्च, पतीची कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं आणि त्याची देणी. लग्न किती वर्षं टिकलं, वय काय, कुणाला आजार किंवा अपंगत्व आहे का, हेही. लग्न फार थोडा काळ टिकलं असेल तर आयुष्यभर पोटगी द्यायला लावणं न्याय्य ठरणार नाही, असंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

यादी वाचून फारसं कळत नाही, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. पती पुण्यात कंपनीत आहे, एकूण पगार ९५ हजार. भविष्य निर्वाह निधी, २०० रुपये व्यवसाय कर आणि आयकर कापून हातात ८४ हजार येतात. शपथपत्रात तो लिहितो: फ्लॅटचा हप्ता ३२ हजार, पतपेढीचं कर्ज ६ हजार, आवर्त ठेव ५ हजार, म्हणजे उरतात ४१ हजार, त्यातून आईची औषधं ४ हजार. पत्नी सात वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आहे, खासगी बालवाडीत शिकवून तिला ९ हजार मिळतात.

कोर्ट सहसा ४१ हजारांवरून सुरुवात करत नाही. कायद्याने सक्तीने होणारी कपात धरली जाते. स्वतःहून घेतलेलं कर्ज आणि स्वतःसाठी टाकलेली ठेव मात्र पोटगीच्या आड येऊ दिली जात नाही. आवर्त ठेव ही त्याची बचत आहे. फ्लॅटचा हप्ता भरून त्याच्याच नावावरची मालमत्ता वाढते आहे. त्याच फ्लॅटमध्ये पत्नी आणि मूल राहत असते तर चित्र वेगळं असतं, कारण मग तो हप्ता त्यांच्या निवाऱ्यावरचाच खर्च झाला असता. आईची औषधं खरी असतील, पावत्या असतील, तर त्यांचा विचार होतो. ८४ हजारांवर २५ टक्क्यांच्या अंदाजाने २१ हजार निघतात. पत्नीचे नऊ हजार हा आकडा खाली ओढतात आणि मुलाचा खर्च वर. नेमका थांबेल कुठे, ते न्यायाधीशांवर आणि तुम्ही जोडलेल्या पावत्यांवर. कुणी वकील पहिल्याच भेटीत 'इतके मिळवून देतो' असा छातीठोक आकडा सांगत असेल तर दुसऱ्या वकिलांनाही एकदा विचारा.

वरच्या टोकाचंही सांगायला हवं, कारण बातम्यांत कोटींचे आकडे येतात आणि अपेक्षा भलत्याच होतात. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात पत्नीला ५ कोटी आणि मुलासाठी १ कोटी दिले. त्याच महिन्यात दुसऱ्या प्रकरणात पत्नीला १२ कोटी देताना न्यायालयाने बजावलं की पोटगीचा हेतू माजी पतीच्या श्रीमंतीशी बरोबरी करून देणं हा नाही. विभक्त झाल्यावर त्याची भरभराट झाली म्हणून तिचा वाटा आपोआप वाढत नाही. ती माणसं फार श्रीमंत होती. तुमच्या-आमच्या प्रकरणात त्या आकड्यांचा उपयोग नाही, तत्त्वाचा आहे.

नेहमी ऐकू येणारे पाच बचाव

'ती शिकलेली आहे, कमवू शकते.' कमवू शकणं आणि प्रत्यक्ष कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. नुसती पदवी दाखवून पोटगी टळत नाही. पण उच्चशिक्षित, मूलबाळ नसलेल्या, आधी चांगल्या नोकरीत असलेल्या पत्नीने दाव्याच्या तोंडावर राजीनामा दिला असेल तर कोर्ट तेही बघतं.

'ती कमावते.' पुरेसं कमावते का, हा प्रश्न आहे. लग्नाच्या घरातल्या राहणीमानाच्या जवळपास राहता येईल एवढी तिची कमाई नसेल तर फरकाची रक्कम मिळते. दोघांचा पगार जवळपास सारखा असेल तर तिच्यासाठी काही मिळण्याची शक्यता कमी, मुलाच्या खर्चाचा वाटा मात्र मिळतो.

'माझी नोकरी गेली.' धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना बायकामुलांना सांभाळलं पाहिजे, ही न्यायालयांची जुनी आणि पक्की भूमिका आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा सांगितली. नोकरी खरोखर गेली असेल तर कंपनीचं पत्र, पूर्ण आणि अंतिम हिशेबाचा कागद आणि नंतर केलेले नोकरीचे अर्ज जोडा. कोऱ्या हातांनी गेलात तर कोर्ट तुमच्या शिक्षणावरून आणि आधीच्या पगारावरून उत्पन्नाचा अंदाज बांधतं, आणि तो अंदाज तुम्हाला आवडेलच असं नाही.

'माझा धंदा आहे, हिशेब कच्चा आहे.' विवरणपत्रात साडेचार लाख आणि दारात नवी गाडी असेल तर कोर्ट गाडीकडे बघतं. अर्जदाराने इथे आळस करू नये. दुकानाचा परवाना, जीएसटी नोंदणी, गाडीचा क्रमांक, मुलाच्या आधीच्या शाळेची फी कोण कुठल्या खात्यातून भरत होतं, परदेश प्रवासाचे फोटो, क्रेडिट कार्डाची बिलं, जे मिळेल ते द्या. बँकेकडून किंवा मालकाकडून कागद मागवून घ्यावेत असा अर्जही कोर्टात करता येतो.

'मी नांदवायला तयार आहे, तीच येत नाही.' नोटीस पाठवायची, पाठोपाठ नांदायला येण्यासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ चा दावा टाकायचा आणि मग पोटगी नाकारायची, ही आपल्याकडची नेहमीची चाल. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नांदायला जाण्याचा हुकूम पत्नीने पाळला नाही, एवढ्याच कारणावरून तिची पोटगी बुडत नाही. न जाण्यामागे सबळ कारण होतं का ते पाहावं लागतं. घर सोडून गेली म्हणून पतीला घटस्फोट मिळाला असला, तरी फौजदारी मार्गाने घटस्फोटित पत्नी पोटगी मागू शकते, हेही २००० सालच्या एका निकालापासून ठरलेलं आहे. व्यभिचार सिद्ध झाला तर मात्र गोष्ट वेगळी.

पती मागतो तेव्हा

नांदेडच्या एका शिक्षिकेचं प्रकरण मराठवाड्यात बरंच गाजलं. १९९२ चं लग्न, २०१५ मध्ये घटस्फोट. नंतर पतीने कलम २५ खाली पोटगी मागितली आणि दिवाणी न्यायालयाने त्याला दरमहा ३ हजार अंतरिम मंजूर केले. थकबाकी साठली तेव्हा तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना पगारातून दरमहा ५ हजार कापून पाठवायला सांगितलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने हे कायम ठेवलं. घटस्फोट होऊन वर्षं उलटली तरी अर्ज चालतो, हा त्यातला लक्षात ठेवण्याचा भाग. अर्थात काम करू शकणारा पुरुष नुसता बसून राहून मागत असेल तर त्याला सहसा काही मिळत नाही. आजारपण किंवा उत्पन्नाचा खरा अभाव दाखवावा लागतो.

दरमहा की एकरकमी

अंतरिम पोटगी दरमहाच असते. अर्ज ज्या तारखेला केला त्या तारखेपासून ती धरायची, हेही २०२० च्या निकालाने पक्कं केलं. आधी कुणी अर्जापासून देत, कुणी हुकमापासून. आता तो वाद नाही. अर्थ सरळ आहे: अर्ज टाकायला जितका उशीर, तितके महिने गेले.

कायमची पोटगी दरमहा घ्यावी की एकरकमी, यावर माझं स्पष्ट मत आहे. समोरच्याला सरकारी किंवा मोठ्या कंपनीतली पक्की नोकरी असेल तर दरमहा चालेल. धंदेवाईक, सतत नोकरी बदलणारा किंवा परदेशी जायच्या तयारीत असलेला माणूस असेल तर एकरकमी घ्या, थोडी कमी मिळाली तरी. महिन्याच्या महिन्याला वसुलीसाठी कोर्टात जाणं माणसाला थकवतं. कराचा फरकही आहे. एकरकमी पोटगीवर घेणाऱ्याला आयकर लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा १९८३ चा निकाल त्यासाठी दाखवला जातो. दरमहा मिळणारी रक्कम उत्पन्न धरली जाते. देणाऱ्याला दोन्हीकडे वजावट नाही.

दरमहा घेणार असाल तर वाढीचं कलम मागा. मे २०२५ मध्ये कोलकात्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दरमहा २० हजारांचे ५० हजार केले आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ लावली. वाढ हुकमात नसेल तर आजचे पंधरा हजार दहा वर्षांनीही पंधराच राहतात.

परस्परसंमतीने घटस्फोट घेताना रक्कम आपसात ठरते आणि कोर्ट तिच्यावर शिक्का मारतं. कन्सेंट टर्म्स, म्हणजे संमतीच्या अटी, लिहिताना मोघम शब्द टाळा. किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात किंवा डिमांड ड्राफ्टने, हप्ता चुकला तर व्याज किती, हे सगळं लिहा. फ्लॅट नावावर करून देणार असतील तर उरलेलं कर्ज आणि मुद्रांक शुल्क कोण भरणार तेही. सगळी रक्कम पहिल्या तारखेलाच देऊ नका आणि सगळी शेवटच्या तारखेवरही ठेवू नका, कारण हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतो. स्त्रीधन या रकमेत मिसळू नका. दागिने तिचेच आहेत. त्यांची यादी वेगळी आणि परत मिळाल्याची सही वेगळी. मुलाची पोटगी आईने सोडून दिली असं लिहिलं तरी मुलाचा हक्क त्याने संपत नाही.

हुकूम झाला, पैसे येत नाहीत

हे इतकं घडतं की ते गृहीत धरूनच चाला. दिवाणी हुकूम असेल तर दरखास्त, म्हणजे हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची. पोटगीच्या वसुलीत पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो, म्हणजे दोन तृतीयांशापर्यंत जप्ती येऊ शकते. हे कळलं की बरेच नोकरदार आपण होऊन पैसे भरतात. कलम १४४ चा हुकूम असेल तर थकबाकीसाठी वॉरंट निघतं आणि एकेका महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, ते डोक्यावर राहतंच. इथली एक मुदत चुकवू नका: रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. 'देईल, देईल' म्हणत दोन वर्षं थांबलेल्यांची पहिल्या वर्षाची रक्कम इथेच अडकते.

देणाऱ्यासाठीही एक सूचना. रोख देऊ नका. खात्यातून पाठवा आणि सोबत कोणत्या महिन्याची पोटगी ते लिहा. मुलाला घेतलेली सायकल किंवा भरलेली शाळेची फी आपोआप पोटगीत जमा धरली जात नाही, हुकमात तसं लिहिलेलं असेल तरच.

नंतर बदल हवा असेल

परिस्थिती बदलली की आकडा बदलून मागता येतो, दोन्ही बाजूंनी: पगार वाढला, नोकरी गेली, मोठं आजारपण आलं, मूल अकरावीत गेलं. पण त्यासाठी त्याच कोर्टात अर्ज करावा लागतो. नोकरी गेली म्हणून स्वतःच्या मनाने पैसे बंद करणाऱ्यावर थकबाकी चढतच राहते आणि नंतर ती माफ होणं अवघड असतं. हिंदू विवाह कायद्याखालच्या दाव्यात कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील करायला महाराष्ट्रात ९० दिवस मिळतात.

पत्नीने पुन्हा लग्न केलं तर कलम २५ खालची दरमहा पोटगी पती अर्ज करून बंद करून घेऊ शकतो. मुलांची त्याने बंद होत नाही. म्हणून अगदी पहिल्या अर्जापासून दोन आकडे वेगळे मागा, पत्नीसाठी इतके आणि मुलासाठी इतके, आणि हुकमातही ते वेगवेगळे लिहिले गेलेत ना हे प्रमाणित प्रत हातात आली की त्याच दिवशी तपासून घ्या.